‘शिवकल्याण राजा’ची तबकडी आणि नेसरीचे सात स्वार

१/८ महाड तालुक्यातील रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्याच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका आली. स्वर लता मंगेशकरांचा, संगीत हृदयनाथांचे, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे.

२/८ या एकाच तबकडीत समर्थ रामदास आणि कवी भूषण हे शिवकालीन कवी आहेत, तसेच सावरकर आणि कुसुमाग्रज हे विसाव्या शतकातील कवीही आहेत. पुढे ही गाणी सुटी होऊन घरोघर पोहोचली. निवेदन मात्र मागे राहिले. कोणते शब्द शिवकाळातले आणि कोणते नंतरचे, हे भान त्यामुळे पुसट झाले.

३/८ त्यांतील कुसुमाग्रजांचे ‘वेडात मराठे वीर’ हे गीत सरनोबत प्रतापराव गुजरांवर आहे. १६७३ मध्ये उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी जाऊ दिले. महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या रणात (आजचा गडहिंग्लज तालुका) प्रतापराव पडले. गीतात सात वीर शत्रूवर तुटून पडतात. समकालीन कागद काय सांगतात?

४/८ सभासद बखर जिंजी येथे १६९७ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर दोन दशकांनी लिहिली गेली. तिच्यात नेसरीला मोठे युद्ध झाले आणि प्रतापराव तलवारीच्या वाराने पडले, असे येते. सात स्वारांचा उल्लेख तिच्यात नाही.

५/८ तो सापडतो इंग्रजांच्या दप्तरात. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी एप्रिल १६७४ मध्ये रायगडी होता. तेथून पाठवलेल्या पत्रात तो कळवतो, की दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत सैन्याची साथ सुटल्याने प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले.

६/८ म्हणजे सातांचा आकडा कविकल्पना नव्हे. परंतु गीतातले सात आपणहून एकटे निघतात, तर पत्रातले सात एकटे पडतात. त्या सहा जणांची नावेही पत्रात नाहीत.

७/८ हा पेच नवा नाही. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठचे तानाजी मालुसरे आपल्याला भेटतात ते मुख्यतः शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. शाहिराने जे काम डफावर केले, तेच पुढे तबकडीने केले: नाव विसरू दिले नाही. मात्र स्मरण आणि पुरावा यांचे काम वेगळे. गीत शौर्य सांगते, एकाकीपण गाळते; पत्र एकाकीपण नोंदवते, पण ते सरनोबत तिथवर का गेले याविषयी मौन पाळते.

८/८ त्या पत्रानंतर दोनच महिन्यांनी, त्याच गडावर, महाराज सिंहासनारूढ झाले. तेव्हा सरनोबत होते हंबीरराव मोहिते. ज्या सोहळ्याच्या स्मरणार्थ ही तबकडी निघाली, तो पाहायला प्रतापराव उरले नव्हते.