रमाईच्या तीस पुड्या आणि रुपयाचा प्रश्न

दरवर्षी 7 फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या सभेत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाबासाहेब घरखर्चाला महिन्याचे 50 रुपये देत. रमाई त्यांच्या दीड-दीड रुपयाच्या 30 पुड्या बांधत आणि रोज एकच पुडी सोडत. 30 पुड्यांचे झाले 45 रुपये. उरलेले 5 रुपये दुखण्याखुपण्याला आणि आल्यागेल्याला. वक्ता गोष्ट सांगतो, बाया डोळ्यांना पदर लावतात, टाळ्या होतात आणि भाषण पुढच्या मुद्द्याकडे सरकते.

माझे म्हणणे असे की भाषण इथे थांबवून थोडा हिशेब करावा. कारण या पुड्यांचा दोन बाजूंनी गैरवापर होतो. एक बाजू उपदेश करणाऱ्यांची. घरी शिजवा, यादी करून बाजाराला जा, उधळपट्टी टाळा, म्हणजे गरिबी हटेल, असे ती सांगते. जणू गरीब माणूस खाण्यावर फार खर्च करतो म्हणून गरीब आहे! दुसरी बाजू आपल्याच कार्यकर्त्यांची. किराण्याची वही ही बायकांची बाब, चळवळ म्हणजे मोर्चा, परिषद आणि निवडणूक, असे त्यांना वाटते. इतिहास पाहिला तर दोन्ही बाजू चूक ठरतात.

हे मी आरोंद्यात बसून लिहितो आहे. तेरेखोल खाडीच्या अलीकडे आरोंदा, पलीकडे गोव्याचे किरणपाणी. आमच्या या पट्ट्यात महिन्याचे आणि वर्षाचे नियोजन कुणी पुस्तकातून शिकलेले नाही. मिरग लागायच्या आत पावसाळ्याची बेगमी झाली पाहिजे, हा घरोघरचा नियम. उकडे तांदूळ, कुळीथ, सोले, वर्षाचा मसाला, सुके बांगडे, गोलमा, कोरडी लाकडे. पाऊस सुरू झाला की समुद्र बंद. ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग. त्या दिवसांत कुळथाची पिठी, भात आणि भाजलेले सुके मासे यांवर घर निघते. बाहेरच्याला ही चवीची गोष्ट वाटते, पण मुळात ते अंदाजपत्रक आहे. शिवाय कोकणातल्या हजारो घरांत पुरुष मुंबईला आणि बाई गावी. एका मनीऑर्डरपासून दुसऱ्या मनीऑर्डरपर्यंत घर ओढायचे काम तिचे.

पण बेगमी करायला तीन गोष्टी लागतात. धान्य किंवा रोख पैसा स्वतःच्या मालकीचा हवा. तो ठेवायला जागा हवी. आणि उद्याच्या मिळकतीची थोडी तरी खात्री हवी. आपल्या पूर्वजांकडे यातले काय होते?

वतनदार महाराला गावकीच्या कामाबद्दल रोख पगार नव्हता. सुगीला शेतकरी देईल ते बलुते आणि एरवी दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी. मेलेले जनावर ओढून नेणे हे काम, आणि त्याचे मांस हा त्या कामाचा ‘हक्क’. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदलाही ठरलेला नाही. ज्या घरात आज संध्याकाळी किती भाकरी येतील हे दुसऱ्याच्या दारावर ठरते, त्या घरातल्या बाईने यादी कसली करायची? जातीने आपल्याला केवळ उपाशी ठेवले नाही. उद्याचा विचार करण्याचा अधिकारही काढून घेतला. काटकसर करायलासुद्धा आधी काहीतरी आपले असावे लागते.

म्हणून महाडकडे पुन्हा एकदा पाहा. मार्च 1927 च्या परिषदेची आठवण आपण पाण्यासाठी ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे बजावले होते. डिसेंबर 1927 मध्ये मनुस्मृती दहनानंतर त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यातही मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, हा आग्रह होता. हे सांगायला त्यांनी घरातल्या बाईलाच का निवडले? कारण चुलीवर काय चढणार याचा शेवटचा निर्णय तिच्या हातात असतो. पुढे 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गावकीच्या बेभरवशाच्या बलुत्यातून माणूस सुटावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे एकीकडे चुलीशी बंड आणि दुसरीकडे कौन्सिलात विधेयक, अशी ही एकच लढाई होती.

मांस सोडले, भाकरी मागणे सोडले, तर त्या जागी काय? विकत आणलेले धान्य आणि घरी शिजवलेले अन्न. म्हणजे रोख पैसा आणि त्याचा हिशेब. आज आपल्याला कंटाळवाणी वाटणारी किराण्याची वही त्या पिढीसाठी गावकीतून बाहेर पडल्याची पावती होती.

रमाईंचे घर याच वाटेवरचे. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे माहेर. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराची विक्री आटोपल्यावर रात्री. सासरे सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शन बेताची आणि खाणारी तोंडे फार. लोअर परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत स्वयंपाक, सरपण, झोपणे आणि भीमाचा अभ्यास. मुलाला पुस्तक हवे झाले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून परत देत. ज्यांना अंदाजपत्रक म्हणजे फक्त कपात वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. सुभेदारांनी खर्च टाळला नाही, तर सगळ्यात मोलाचा खर्च कोणता ते आधी ठरवले आणि बाकीचे घर त्याभोवती बसवले.

आता 1920 सालाकडे येऊ. बाबासाहेब नोव्हेंबर 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार 450 रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. तरीही कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले, कारण पैसा लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी साठवायचा होता. 1920 च्या उन्हाळ्यात ते लंडनला परतले ते या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या 5000 रुपयांच्या कर्जावर. तिथे सकाळी चहा, पाव आणि थोडा जाम. दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक असह्य झाली की बरोबरच्या खोलीमित्राने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. त्याच वेळी परळमध्ये रमाई, यशवंत, जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांचा संसार चालू होता.

पापड भाजत लिहिलेला तो प्रबंध कशावर होता? रुपयावर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ डिसेंबर 1923 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचे मोल घसरले की निर्यातदार व्यापाऱ्याचा फायदा होतो, असे तेव्हा कौतुकाने सांगितले जाई. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? त्यांचे उत्तर असे : वस्तूंचे भाव लवकर वाढतात, मजुरी मागे राहते. मजुराच्या हातात रुपया तोच, पण त्यात येणारे धान्य कमी. व्यापाऱ्याचा नफा म्हणजे मजुराच्या ताटातून काढलेला घास. चलनाचा प्रश्न असा थेट स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो.

हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. लंडनमध्ये नवरा रुपयाचे मोल कोण खाते याचा शोध घेत होता आणि परळमध्ये बायको तोच रुपया महिनाभर कसा पुरवायचा हे सोडवत होती. प्रश्न एकच होता. एकाला त्याबद्दल डी.एस्सी. मिळाली. दुसरीच्या नावावर एक पुड्यांची गोष्ट राहिली.

त्या 50 रुपयांचे मोल किती होते हेही सांगता येते. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. फिंडले शिरास यांचा हा अहवाल 1923 मध्ये आला. कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे 52 रुपये निघाले. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा फक्त खाण्यावर जात होता. जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती. आणि एक निष्कर्ष तर सरकारलाच लाज आणणारा होता : कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराइतके होते आणि मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी!

हे आकडे पुड्यांच्या गोष्टीशेजारी ठेवा. रमाई जे 50 रुपये महिनाभर पुरवत होत्या, ते गिरणगावातल्या सर्वसाधारण कामगार घराचे उत्पन्न होते. मग जी निम्मी घरे कर्जात होती, त्या घरांतल्या बाया काय उधळ्या होत्या? मुळीच नाही. त्याही पै-पै मोजत होत्या. 1919 आणि 1920 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठे संप केले ते महागाईच्या मानाने मजुरी वाढावी म्हणूनच. पुड्या कितीही नीट बांधल्या तरी पुडीतल्या रुपयाला किती तांदूळ येतील हे बाई ठरवू शकत नाही. ते बाजार ठरवतो, मालक ठरवतो, सरकार ठरवते.

आणि एक गोष्ट जयंतीच्या मंचावरून दबक्या आवाजात सांगितली जाते, ती मोठ्याने सांगायला हवी. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे या घराने गमावली. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. रमाई स्वतः 27 मे 1935 रोजी गेल्या, तेव्हा वय अवघे 37. देशात त्यांच्याइतका काटेकोर संसार करणारी बाई शोधून सापडणार नाही. तरी काटकसरीने लेकरे वाचली नाहीत. काटकसर औषध विकत घेऊ शकत नाही, ओल्या चाळीत हवा खेळवू शकत नाही. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला, तेव्हा विपन्नावस्थेच्या त्या दिवसांत तिने सोसलेल्याची जाणीव त्यांनी अर्पणपत्रिकेतच नोंदवली. त्यांनी त्या सोसण्याचा सण केला नाही. आपण का करावा?

मग आज आपण काय करायचे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, वही लिहायची. महिन्याच्या सुरुवातीला तांदूळ, डाळ, तेल, गॅस, शाळा, औषध यांचे पैसे वेगळे काढायचे. उरलेल्यात आठवडा बसवायचा. बाजाराच्या दिवशी घरात काय आहे ते पाहून मगच निघायचे. आपल्या वस्त्यांत आज सावकाराची जागा आठवड्याच्या हप्त्याने घेतली आहे. हप्त्यासाठी कर्ज आणि त्या कर्जासाठी पुन्हा कर्ज, असे चक्र अनेक घरांत फिरते आहे. त्यातून सुटायचे पहिले पाऊल म्हणजे आपला पैसा जातो कुठे हे कळणे. आणि त्या 5 रुपयांची आठवण ठेवायची. महिना कितीही ओढग्रस्तीचा असला तरी दहावा भाग बाजूला काढायची ती रीत होती. त्या भागात एक पुस्तकही बसले पाहिजे.

दुसरी, हक्काचे धान्य भीक नाही हे समजून घ्यायचे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क दिला आहे. कार्डावर नाव नाही, अंगठा जुळत नाही, वजन कमी भरते, तर तक्रार करायची. बलुत्यात आणि रेशनमध्ये हाच फरक आहे. तिथे देणाऱ्याची मर्जी होती, इथे कायदा आहे. वहीत रेशनचाही रकाना हवा, कारण कमी आलेले धान्य लिहून ठेवल्याशिवाय मागता येत नाही.

तिसरी गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांसाठी. घरचे जेवण स्वस्त पडते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात बाईच्या मजुरीचा भाव शून्य धरलेला असतो. पहाटे उठून डबे भरणारी बाई फुकट राबते म्हणून तो डबा स्वस्त. समतेवर भाषण देऊन घरी आल्यावर ताट वाढण्याची वाट पाहणारा कार्यकर्ता गावकीचीच रीत घरात चालवत असतो : काम ठरलेले नाही, मोबदलाही ठरलेला नाही. यादी करणे, बाजार आणणे, भात चढवणे आणि वही लिहिणे ही कामे वाटून घेता येत नसतील, तर रमाईच्या त्यागावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

येत्या 7 फेब्रुवारीला 30 पुड्यांची गोष्ट जरूर सांगा. पण सोबत 1923 चा ग्रंथही सांगा. एक रुपया कसा पुरवायचा हे शिकवते, दुसरा त्या रुपयातले मोल कोण पळवते हे दाखवतो. पुड्या बांधणारे हात आणि जाब विचारणारे तोंड एकाच घरात असले पाहिजे.

जय भीम!