‘व्हॅलेंटाइन’ : आधी माणूस, मग चिठ्ठी

फेब्रुवारी १४७७. इंग्लंडमधल्या नॉरफोकची मार्जरी ब्रूज ही तरुणी जॉन पॅस्टनला पत्र धाडते. लग्न हुंड्यावर अडले आहे. आईने वडिलांची पुष्कळ मनधरणी केली, पण ते आकडा वाढवायला तयार नाहीत. खरे प्रेम असेल तर एवढ्यावरून मला सोडू नका, अशी तिची विनवणी आहे. मायन्यात ती जॉनला आपला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणते. इंग्रजीतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने व्हॅलेंटाइन-पत्र ते हेच.

म्हणजे तेव्हा ‘व्हॅलेंटाइन’ हा जिवंत माणूस होता, ज्याला मन दिले तो. ज्याच्यावरून हे नाव आले, त्या संताचा मात्र प्रेमिकांशी काही संबंध नव्हता. या नावाचे निदान दोन हुतात्मे सांगितले जातात : एक रोमचा धर्मगुरू, दुसरा तेर्नीचा बिशप. संताने तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला चिठ्ठी लिहिल्याची गोष्ट त्यांच्या चरित्राला फार उशिरा चिकटली. संताविषयीची खात्रीलायक माहिती इतकी तोकडी, की १९६९मध्ये कॅथलिक चर्चने त्याचा सण आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला.

प्रेमाचा धागा जोडला तो कवीने. १३८०च्या आसपास जेफ्री चॉसरने पाखरांच्या सभेवर एक दीर्घकाव्य रचले. त्यात संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी पाखरे जोडीदार निवडायला जमतात.

सतराव्या शतकात लंडनमध्ये नावाच्या चिठ्ठ्या काढून व्हॅलेंटाइन ठरवत. त्याला वयाची वा लग्नाची आडकाठी नसे. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत १६६७ची नोंद आहे : एक लहानगा मुलगा सकाळीच त्याच्या बायकोचा व्हॅलेंटाइन म्हणून आला, निळ्या कागदावर सोनेरी अक्षरांत तिचे नाव लिहून. त्या वर्षी पीप्स स्वतःही तिचा व्हॅलेंटाइन होता, आणि त्यापायी पाच पौंड खर्च होणार, हेही त्याने टिपून ठेवले आहे.

हळूहळू माणसाचे नाव कागदाला पडले.

या कागदाला पंख फुटले १८४०मध्ये. तोवर टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत, तेही अंतराप्रमाणे. रोलंड हिलने सुचवलेल्या टपाल-सुधारणेनंतर अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र पाठवणाऱ्याने आधी भरलेल्या एका पेनीत देशभर जाऊ लागले. निनावी प्रेमपत्र धाडणे गरिबालाही परवडू लागले.

अमेरिकेत या कागदाचा धंदा उभा केला तो वूस्टरच्या एस्थर हाउलंडने. इंग्लंडहून आलेले एक नक्षीदार व्हॅलेंटाइन तिच्या हाती पडले. वडिलांचा कागद-लेखनसाहित्याचा व्यापार होताच. तिने नमुने बनवून भावाबरोबर फिरतीवर पाठवले. दोनशे डॉलरची आशा होती, मागणी आली पाच हजारांवर. मग तिने मैत्रिणींना घरी बोलावून कामे वाटून दिली : एकीने चित्रे कातरायची, दुसरीने जाळी चिकटवायची.

आणि मार्जरी? जॉनने हुंड्यापायी तिला सोडले नाही. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. तिचे पत्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.