आभासी कन्सोल (लिनक्स) : कर्नलमार्फत नियंत्रण

एका पडद्यावर आणि एका कीबोर्डवर अनेक स्वतंत्र लॉगिन चालावीत म्हणून लिनक्सचा कर्नल स्वतःच मजकुराचे वेगवेगळे पडदे सांभाळतो. त्यांना आभासी कन्सोल म्हणतात. ही सोय जानेवारी १९९२ मधल्या ०.१२ या आवृत्तीपासून आहे. कन्सोल जास्तीत जास्त ६३ असतात आणि ‘/डेव्ह/टीटीवाय१’पासून पुढे प्रत्येकाची उपकरण-फाइल असते. ‘/डेव्ह/टीटीवाय०’ म्हणजे त्या क्षणी समोर दिसत असेल तो कन्सोल. ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जाता येते. ग्राफिकल पडद्यावरून जायचे तर सोबत कंट्रोलही दाबावे लागते.

प्रोग्रॅमला कन्सोलशी दोन प्रकारे बोलता येते. रंग बदलणे, कर्सर हलवणे, पडदा पुसणे ही कामे मजकुरातच मिसळलेल्या एस्केप सीक्वेन्सने होतात. कन्सोल कोणता पुढे आणायचा, कळा कशा वाचायच्या, फॉन्ट कोणता, पडदा कोणाच्या ताब्यात, हे सहसा मजकुरात सांगण्यासारखे नसते. त्यासाठी ‘आय-ऑक्टल’ हा सिस्टिम कॉल वापरतात. तो १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत आला. त्याआधी टर्मिनलपुरते ‘एसटीटीवाय’ आणि ‘जीटीटीवाय’ हे दोन कॉल होते. आय-ऑक्टलला उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर, विनंतीचा क्रमांक आणि एखादे मूल्य किंवा स्मृतीतला पत्ता द्यावा लागतो. ‘व्हीटी_ॲक्टिव्हेट’ या विनंतीचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ५६०६ आहे. त्यातले ५६ म्हणजे आस्की संकेतातले ‘व्ही’ हे अक्षर. ‘सीएचव्हीटी’ ही आज्ञा हीच विनंती पाठवते आणि मग ‘व्हीटी_वेटॲक्टिव्ह’ने बदल पूर्ण होईपर्यंत थांबते. टर्मिनलच्या खिडकीतले किंवा एसएसएचमधले टर्मिनल छद्म असते. त्याच्यावर ही विनंती केली तर कर्नल ‘ईनॉटटीवाय’ ही त्रुटी परत करतो.

कन्सोलच्या या विनंत्यांच्या संचात जुनेपणाच्या खुणा जागोजागी आहेत. कोणते कन्सोल उघडे आहेत हे सांगणारी ‘व्हीटी_गेटस्टेट’ उत्तर १६ बिटांत देते आणि त्यातला एक बिट ‘टीटीवाय०’साठी अडकलेला असतो. म्हणजे ६३ पैकी फक्त १५ कन्सोलची खबर मिळते. ‘केआयओसीसाउंड’ने स्पीकर वाजवायचा तर वारंवारिता थेट देता येत नाही. ११,९३,१८० ला वारंवारितेने भागून येणारी संख्या द्यावी लागते, कारण मूळ पीसीच्या टायमर चिपचे ठोके सेकंदाला सुमारे तेवढे पडत. ४४० हर्ट्‌झच्या सुरासाठी २७१२ द्यायचे. ‘केडीसेटलेड’ कीबोर्डवरचे दिवे लावते, पण दिवेच. कॅप्स लॉकचा दिवा तिने पेटवला तरी अक्षरे लहानच उमटतात; खरी स्थिती बदलायला ‘केडीएसकेबीलेड’ लागते.

सर्वांत नाजूक भाग पडद्याच्या ताब्याचा आहे. एक्स सर्व्हरसारखा ग्राफिकल प्रोग्रॅम सुरू होताना ‘व्हीटी_ओपनक्वेरी’ने मोकळा कन्सोल शोधतो, तो पुढे आणतो आणि ‘केडीसेटमोड’ने त्याला ग्राफिक्स अवस्थेत टाकतो. तेव्हापासून कर्नल त्या पडद्यावर अक्षरे काढत नाही. वापरकर्ता मध्येच दुसऱ्या कन्सोलवर जाऊ पाहील तेव्हा ग्राफिक्स कार्ड अर्धवट अवस्थेत सुटू नये, म्हणून प्रोग्रॅम ‘व्हीटी_सेटमोड’ने ‘व्हीटी_प्रोसेस’ पद्धत निवडतो आणि दोन सिग्नल नेमून देतो, एक ताबा सोडण्यासाठी, दुसरा परत घेण्यासाठी. कन्सोल बदलायची वेळ आली की कर्नल पहिला सिग्नल पाठवून थांबतो. प्रोग्रॅमने ‘व्हीटी_रेलडिस्प’ला १ दिला तर बदल होतो, ० दिला तर नकार. परत ताबा मिळाल्याची पोच २ देऊन कळवायची.

ही सारी व्यवस्था प्रोग्रॅमच्या सौजन्यावर उभी आहे. प्रोग्रॅम मरून गेला असेल तर सिग्नल पोचत नाही. कर्नल ते ओळखतो आणि कन्सोल मजकूर अवस्थेत परत आणतो. पण प्रोग्रॅम जिवंत राहून गोठला असेल तर कर्नल उत्तराची वाट पाहतच राहतो, कारण या प्रतीक्षेला कालमर्यादा ठेवलेली नाही. शिवाय असा प्रोग्रॅम बहुधा ‘केडीएसकेबीमोड’ने कीबोर्ड कर्नलकडून काढून घेऊन बसलेला असतो. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काहीच हलत नाही. ऑल्ट, सिसआरक्यू आणि आर या कळा चालू ठेवलेल्या असतील तर त्या कीबोर्ड सामान्य अवस्थेत आणतात. आज बऱ्याच वितरणांत ताब्याची ही देवाणघेवाण ‘सिस्टिमडी-लॉगिनडी’ ही सेवा ग्राफिकल प्रोग्रॅमच्या वतीने करते, आणि तेच बरे.

फॉन्टच्या बाबतीत मराठी वाचकाची निराशा होते. ‘केडीफॉन्टऑप’ने नवा फॉन्ट भरता येतो, पण त्यात २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि एका चौकटीत एक आकृती हाच हिशोब असतो. जोडाक्षर घडवणे किंवा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मांडणे कर्नलला येत नाही. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते, कन्सोल तोच क्रम पाळतो. डेबियनच्या इन्स्टॉलरला २००७ च्या ‘एच’ आवृत्तीत ग्राफिकल रूप मिळाले. मजकुराच्या पडद्याच्या अशा मर्यादांमुळे हिंदी आणि मराठी त्या रूपातच निवडता येतात. २०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘केएमएसकॉन’ने वेगळा मार्ग धरला. तो कन्सोलचे काम कर्नलबाहेर नेतो आणि अक्षरमांडणी ‘पँगो’ या लायब्ररीवर सोपवतो. लिप्यांचे ज्ञान कर्नलात कोंबण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

परवानगीचा नियम छोटा आहे. महत्त्वाचे बदल करायचे तर तो कन्सोल प्रोसेसचा स्वतःचा नियंत्रक टर्मिनल असावा किंवा प्रोसेसकडे ‘कॅप_सिस_टीटीवाय_कॉन्फिग’ हा अधिकार असावा. धोका मात्र या नियमाच्या आड राहून आला, आणि तो कन्सोलपुरता नव्हे तर सगळ्याच टर्मिनलचा होता. ‘टीआयओसीएसटीआय’ ही विनंती टर्मिनलच्या इनपुटमध्ये एक अक्षर असे घुसवते की ते कीबोर्डवरूनच आले असे वाटते. रूटने ‘एसयू’ने कमी अधिकाराच्या वापरकर्त्याचा प्रोग्रॅम त्याच टर्मिनलवर चालवला, तर तो प्रोग्रॅम रांगेत आज्ञा पेरून बंद होतो आणि परतलेला रूटचा शेल त्या इमानेइतबारे चालवतो. ओपनबीएसडीने २०१७ मधल्या ६.२ आवृत्तीत ही विनंती काढूनच टाकली. लिनक्सने ६.२ आवृत्तीपासून ती बंद ठेवण्याचा पर्याय दिला. ‘टीआयओसीलिनक्स’मधल्या निवडलेला मजकूर चिकटवण्याच्या उपविनंतीतूनही हाच खोडसाळपणा साधतो. तिच्यावरची बंधने त्यानंतर आली.