पेशींतील गाळ व बांध

वसईजवळ निर्मळ गांवीं जुनें तळें आहे. तळें निर्मळ राखावयाचें तर त्यांतील गाळ वेळोवेळीं उपसला पाहिजे. मनुष्यदेहांतील पेशींतही असाच उपसा अहोरात्र चालतो. परंतु उपसणारांनीं गाळाबरोबर बांधही फोडून नेला तर? कर्करोगाच्या कांहीं प्रकारांत नेमकें हेंच घडतें.

पेशींतील निकामी प्रथिनांस प्रथम युबिक्विटिन नांवाच्या लहान प्रथिनाची खूण लागते. मग प्रोटिअसोम नांवाचें पिंपाच्या आकाराचें यंत्र त्यांचे तुकडे करतें. ही व्यवस्था उलगडणारे आरॉन चिकानोव्हर, अव्राम हर्शको व अर्विन रोझ ह्यांस २००४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही खूण मात्र निकामी प्रथिनांपुरतीच नसते. १९७९ सालीं आढळलेलें पी-५३ हें प्रथिन बिघडलेल्या पेशीची वाढ रोखतें. हाच तो बांध. एमडीएम-२ नांवाचें दुसरें प्रथिन त्यासही खूण लावतें व त्याचें प्रमाण मर्यादेंत ठेवतें.

२००० सालीं जपानांत क्योतो येथें जुन फुजिता व त्यांचे सहकारी ह्यांस यकृताच्या कर्करोगांत एक प्रथिन वाजवीपेक्षां अधिक आढळलें. जपानी भाषेंत कर्करोगास ‘गान’ म्हणतात. त्यावरून त्याचें नांव गँकिरिन पडलें. तें स्वतः कांहींच तोडीत नाहीं. केवळ इतर प्रथिनांस बिलगतें. प्रोटिअसोमच्या जुळणीस हातभार लावणें हें त्याचें नित्याचें काम. पण तेंच एमडीएम-२ ला बिलगून पी-५३ च्या नाशास वेग देतें, असें २००५ सालीं दिसून आलें.

ह्या प्रश्नाचा पाठपुरावा मुंबईच्या परिसरांतही झाला. परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९५२ सालीं डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें कर्करोग-संशोधन केंद्र उभें राहिलें. तीच परंपरा पुढें खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेंत आली. तेथील डॉ. प्रसन्ना वेंकटरामन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१४ सालीं दाखविलें कीं, गँकिरिनशीं जुळणाऱ्या अनेक प्रथिनांत चार घटकांचा एकच लहान क्रम आहे. अनेक कुलुपांस लागणारी जणूं ही एकच किल्ली.

ह्या शोधाचें मोल रुग्णाच्या दृष्टीनें पाहावें. २००३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें बोर्टेझोमिब हें औषध प्रोटिअसोमचें यंत्रच अडवितें. मज्जेच्या कर्करोगावर तें गुणकारी ठरलें, पण निरोगी पेशींसही त्याची झळ लागते. गँकिरिनची पकड तेवढी सोडवितां आली, तर उपसा चालू राहील आणि बांधही टिकेल.