दिव्यांचें लंडन, अंधाराचें लंडन

महोत्सवाच्या स्मरणिकेंत इमारतींचीं छायाचित्रें छापण्याची चाल जुनी आहे. तीं चित्रें बहुधा दिवसा, लख्ख उन्हांत काढलेलीं असतात. परंतु इमारत रात्रींही उभीच असते. आणि ती कोणत्या उजेडांत उभी होती, हें कळल्यावांचून त्या गांवाचा इतिहास पुरा होत नाहीं. ही गोष्ट लंडन शहराच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं छायाचित्रणाच्या विद्येस रात्र बहुतेक बंदच होती. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत काचेवरील लेप ओला असतांनाच सारें काम उरकावें लागे. तो वाळला कीं काच निकामी होई. दिव्याच्या मंद उजेडाला इतका थोडा वेळ पुरत नसे. १८७१ सालीं डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या लेपाची युक्ति प्रसिद्ध केली. पुढें इतरांनीं ती सुधारली, आणि भिंग हवा तितका वेळ उघडें ठेवणें शक्य झालें.

या सोयीचा लाभ घेणारांत पॉल मार्टिन हे अग्रेसर होत. ते जन्मानें फ्रेंच. लंडनमध्यें लांकडावर चित्रें कोरण्याचा त्यांचा धंदा होता. १८९५-९६ च्या सुमारास त्यांनीं ग्यासच्या दिव्यांनीं उजळलेल्या लंडनचीं चित्रें घेतलीं, आणि १८९६ सालीं त्यांबद्दल त्यांस रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचें पदक मिळालें.

हें काम सोपें नव्हे. दिव्याचें तेज लेपांतून पार जाऊन काचेच्या पाठीवरून परततें, आणि दिव्याभोंवतीं वलय उमटतें. म्हणून काचेच्या पाठीला काळा लेप देत. गाडीचे दिवे समोरून गेले तर चित्रावर प्रकाशाच्या रेघा पडतात. तेवढ्यापुरतें भिंग झांकावें लागतें. रस्त्यानें चालणारा मनुष्य मात्र कांहींच खूण न ठेवतां नाहींसा होतो. जें स्थिर राहतें, तेंच काचेवर उरतें.

पुढें १९३० नंतर पॅरिसमध्यें ब्रासाई यांनीं रात्रींच्या शहराचीं चित्रें घेतलीं. भिंग किती वेळ उघडें ठेवावें हें आपण सिगारेट जळण्याच्या वेळावरून ठरवीत असूं, असें ते सांगत. त्यांच्या पुस्तकाच्या धर्तीवर बिल ब्रँट यांनीं १९३८ सालीं लंडनच्या रात्रींचें पुस्तक काढलें.

दुसऱ्याच वर्षीं तें लंडन लोपलें. १ सप्टेंबर १९३९ पासून विमानांच्या भयानें रस्त्यांवरचे दिवे मालवण्यांत आले. खिडक्यांना काळे पडदे लागले. ब्रँट यांनीं तेव्हां चांदण्यांतील इमारतींचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाहून सुमारें ४ लाख पट कमी. शिवाय उजेड फार मंद असला म्हणजे वेळ दुप्पट केल्यानें परिणाम दुप्पट होत नाहीं. म्हणून भिंग कित्येक मिनिटें उघडें ठेवावें लागे. १९४२ सालच्या त्यांच्या चित्रांत पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यापलीकडे सेंट पॉलच्या मंदिराचा घुमट चांदण्यांत उभा दिसतो. हें चांदणें छायाचित्रकाराला हवेसें; पण शहरांतील रहिवाशांना त्याची धास्ती वाटे, कारण त्याच उजेडांत वैमानिकांस खालचें शहर ओळखूं येई.

मार्टिन यांच्या काचांवर दिव्यांत सुखानें वावरणारें शहर आहे. ब्रँट यांच्या चित्रांत जिवाच्या भयानें दिवे मालवलेलें. दिवसाच्या चित्रांत हा भेद इतका स्पष्ट दिसला नसता.

आमच्या गांवींही घासलेटचे कंदील गेले, विजेचे दिवे आले; त्या जुन्या उजेडांतील घरांचीं चित्रें किती जणांपाशीं असतील? आज काचेच्या जागीं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलें आहे, तरी क्यामेरा तिपाईवर स्थिर ठेवून वाट पाहण्याचें काम चुकलेलें नाहीं. तरी वाचकांस आमची विनंति अशी कीं, एखाद्या रात्रीं आपल्या आळीचें, चर्चचें, शाळेचें असें चित्र घ्यावें, आणि पाठीमागें तारीख, वेळ व उजेड कशाचा होता तें लिहून ठेवावें. पुढील महोत्सवाच्या वेळीं आपल्या नातवंडांस त्याचा उपयोग होईल.