पावसाळ्यात थांबलेले पाय

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर. आपण तेथे जातो ते बहुधा दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत. पण ही लेणी ज्यांच्यासाठी खोदली गेली, त्यांचा खरा मुक्काम असे तो पावसाळ्यात. तो का, हे समजून घेतले म्हणजे लेण्यांकडे पाहण्याची नजरच बदलते.

बौद्ध भिक्खूचा धर्म मुळात चालण्याचा. सारनाथला पहिले साठ शिष्य तयार झाले, तेव्हा बुद्धांनी त्यांना लोकांच्या हितासाठी फिरत राहायला सांगितले. दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असेही बजावले. मग हे फिरते लोक थांबले कसे?

विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात त्याची हकिगत आहे. भिक्खू भर पावसातही हिंडत. लोक कुरकुर करू लागले. यांच्या पायाखाली हिरवे गवत तुडवले जाते, बारीकसारीक जीव मरतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात. पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी बांधून राहतात. मग यांनाच काय झाले? ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. हाच वर्षावास.

म्हणजे हा विसावा दमलेल्या पायांच्या सोयीसाठी सुरू झाला नाही. गवताच्या पात्याची आणि किडामुंगीची कदर म्हणून सुरू झाला. आणि तो सुचवला कोणी? रोज भिक्षा घालणाऱ्या साध्या माणसांनी!

आता अजिंठ्याची जागा पाहा. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात तीसएक लेणी आहेत. हीच वाघूर पुढे खानदेशात उतरते. तिच्या धरणाचे पाणी आज जळगाव शहर पिते. पहिली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, तर नंतरची पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. बारा क्रमांकाच्या लेण्यात लहान लहान खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दगडाचेच दोन ओटे, उशीसकट. पूर्वी लेण्यांतून नदीपर्यंत उतरायला कातळात पायऱ्याही होत्या. समोर पाऊस, खाली नदीचा घोष, आणि निजायला दगड! येथल्या एका शिलालेखात पाखरांच्या किलबिलाटाने आणि माकडांच्या कलकलाटाने भरलेल्या दऱ्यांचे वर्णन येते. ध्यानाच्या जागेचे वर्णन करताना त्या गोंगाटाची अडचण वाटली नाही, उलट ते भूषण वाटले.

चाळीसगावकडच्या डोंगरात पितळखोरे आहे. तेथील लेखांत पैठणचा एक अत्तरविक्या आणि मगिल नावाचा राजवैद्य दाते म्हणून नोंदले आहेत; एका यक्षमूर्तीवर कन्हदास सोनाराचे नाव आहे. भिक्खूंचा मुक्काम रानात होता, पण तो उभा राहिला गावातल्या माणसांच्या हातांनी. मुक्कामातही समाजाशी नाते तुटत नसे. आईवडील आजारी पडले, तर भिक्खूला सात दिवस जाऊन येण्याची मुभा होती.

वर्षावास संपताना, आपल्या कोजागरीच्या सुमारास, ‘पवारणा’ नावाचा विधी होई. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू इतरांना विनवी, माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंका आली असेल, तर दयेने सांगा. वयाने मोठ्यांनाही यातून सूट नव्हती. पावसाने डोंगर धुऊन निघावा, तसे मन धुऊन घ्यायचे.

तोवर गवत पिवळे पडू लागलेले असे, वाटा वाळलेल्या असत. भिक्खू डोंगर उतरत आणि पुन्हा गावोगावच्या रस्त्याला लागत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)