गाणं कोणाचं?

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला, ताजनापेठेत, घरच्या लग्नात भाच्यानं माझं एक जुनं गाणं गायलं. कापूस वेचणाऱ्या बायांवरचं. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून इंटरनेटवर चढवलं. तिसऱ्या दिवशी गाणं गायब! जागेवर सूचना होती, हक्क अमुक कंपनीचे. भाचा म्हणाला, "मामू, गाणं तर तुमचंच ना?"

उत्तर सोपं नव्हतं. १९९५ साली अमरावतीत एका कॅसेटवाल्याला मी आठ गाणी दिली होती. पाचशे रुपये घेतले, छापील कागदावर सही केली. कागद वाचला मात्र नाही.

अशीच भांडणं जगात मोठ्या रकमांची झाली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्हायाकॉम कंपनीनं यूट्यूबवर शंभर कोटी डॉलरचा दावा लावला. आमचे कार्यक्रम लोक विनापरवाना चढवतात आणि कमाई तुमची होते, ही तिची तक्रार. यूट्यूबचं म्हणणं, आम्ही नुसता फळा ठेवलाय. कळवा, पुसून टाकतो. २०१४ मध्ये ते आपसात मिटलं. आपल्याकडे टी-सीरिजनंही २००७ मध्येच यूट्यूबला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. पुढे तिच्याच 'मायस्पेस'विरुद्धच्या दाव्यात खंडपीठानं २०१६ मध्ये सांगितलं की, नेमकं कोणतं गाणं ते कळल्याशिवाय संकेतस्थळ दोषी नाही. कळल्यावर मात्र ते काढलंच पाहिजे. आज टी-सीरिजची वाहिनी यूट्यूबवरच जगातल्या सर्वांत मोठ्या वाहिन्यांपैकी एक आहे.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं आपण म्हणतो. इथे तिसरा, म्हणजे गाणं लिहिणारा, कोर्टाच्या पायरीवरही नव्हता. मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच म्हटलं होतं. २०१२ साली कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी तळमळीनं बोलले. तेव्हापासून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही.

आमचे सुरेश भट अमरावतीचे. ते २००३ मध्ये गेले. कायद्यानं त्यांच्या कवितांवरच्या हक्काची मुदत २०६३ अखेरपर्यंत आहे. कवीमागे साठ वर्षं टिकणारी ही चीज मी पाचशे रुपयांत देऊन बसलो होतो.

भाच्याला खरं तेच सांगितलं. शब्द माझे, हक्क विकलेला. तोही आता गाणी रचतो. सही करण्याआधी कागद मला आणून दाखव, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)